फ्रेश परफ्यूम टिकत नाही, आंबट होतो, जाणवतच नाही: बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

धुतलेल्या कपड्यांसारखा, साबणासारखा, लिंबूवर्गीय किंवा समुद्री झुळुकीसारखा वास देणाऱ्या परफ्यूमबद्दलची तक्रार जवळपास नेहमी एकाच वाक्यात येते: फवारला तेव्हा छान होता, तासाभरात काहीच उरलं नाही. त्यावरचा उपायही ठरलेला असतो, आणखी चार फवारे. बहुतेक वेळा याने काम होत नाही, कारण या एका तक्रारीमागे तीन वेगळे बिघाड असतात. एक, सुगंध खरोखर उडून गेलेला असतो. दोन, सुगंध अंगावर असतो, पण तुमच्या नाकाने त्याची दखल घेणं सोडलेलं असतं. तीन, सुगंध असतो, पण घाम, डिओडरंट किंवा कपड्यांच्या वासाखाली दबलेला किंवा बिघडलेला असतो. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लावला तर आजूबाजूच्यांना त्रास होतो आणि तुम्हाला तरीही काही जाणवत नाही. म्हणून आधी निदान, मग फवारा.

निदानाची चाचणी

एक मोकळा दिवस निवडा. आंघोळ बिनवासाच्या साबणाने करा, त्या दिवशी डिओडरंट आणि सुगंधी क्रीम नको. अंगातले कपडे शक्यतो सुगंधी सॉफ्टनर न वापरता धुतलेले असावेत. मग तीन जागी एकेक फवारा मारा, अंतर साधारण १५ सेंटीमीटर:

१. जाड, न चकाकणाऱ्या कागदाच्या पट्टीवर. पट्टी दुसऱ्या खोलीत ठेवा.
२. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाच्या तुकड्यावर. तोही दुसऱ्या खोलीत, पण पट्टीपासून दूर.
३. डाव्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला. उजवा हात कोराच ठेवा.

५ मिनिटं, ३० मिनिटं, २ तास आणि ५ तास अशा चार वेळी तिन्ही ठिकाणी हुंगा आणि दोन-तीन शब्दांत लिहून ठेवा. मधल्या वेळात हात नाकाशी नेऊ नका. दर पाच मिनिटांनी हुंगत राहिलात तर चाचणी वाया गेली असं समजा, कारण मग नाकच थकतं. दोन तासांनी घरातल्या कुणाला तरी दोन्ही हात हुंगायला द्या. कुठल्या हातावर परफ्यूम आहे हे सांगू नका. 'येतोय का वास?' असं विचारलं तर समोरचा माणूस बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. 'कुठल्या हाताला येतोय?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

आता निकाल वाचायचा. कागद, कापड आणि हात तिन्हीकडून दोन तासांत वास गेला असेल तर परफ्यूमची रचनाच हलकी आहे. कागदावर आणि कापडावर आहे, हातावर कुणालाच सापडत नाही, तर प्रश्न त्वचेचा. दुसऱ्याला डावा हात चटकन ओळखता आला पण तुम्हाला काहीच जाणवत नाही, तर प्रश्न नाकाचा. आणि चाचणीच्या दिवशी सगळं ठीक चाललं, एरवी मात्र गडबड होते, तर दोष त्या दिवशी वगळलेल्या गोष्टींपैकी एकाचा: डिओडरंट, क्रीम, साबण नाही तर कपडे.

वास खरोखर उडतो तेव्हा

ताजेपणा देणारे पदार्थ मुळातच उडून जाणारे असतात. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हा लहान रेणू, रेणुभार १३६. लॅव्हेंडर आणि बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळातलं लिनालूल १५४. साबण-डिटर्जंटचा तो ओळखीचा, किंचित धातूसारखा स्वच्छ वास देणारं डायहायड्रोमिर्सेनॉल १५६. याउलट गॅलॅक्सोलाइड या पांढऱ्या मस्कचा (कस्तुरीसारख्या, स्वच्छ वासाच्या कृत्रिम द्रव्याचा) रेणुभार २५८ आहे आणि त्याचा बाष्पदाब, म्हणजे हवेत उडून जाण्याचा कल, लिमोनीनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. त्यामुळे लिमोनीन त्वचेवरून अर्ध्या-एक तासात निघून जातं, तर मस्क कागदावर दिवसेंदिवस राहतो. फ्रेश परफ्यूममध्ये पहिल्या गटाचा वाटा मोठा असतो, म्हणून सुरुवात झगझगीत आणि उतार वेगवान.

फवारे वाढवून हे का सुटत नाही, ते आकड्यांत बघू. समजा, त्वचेवरचा लिंबूवर्गीय भाग दर २० मिनिटांनी निम्मा होतो. एकाऐवजी दोन फवारे मारले तर २० मिनिटांनंतर तुम्ही एका फवाऱ्याच्या जागी येऊन पोचता. म्हणजे दुप्पट माल खर्चून मिळाली फक्त २० मिनिटं. चार फवारे मारले तर ४० मिनिटं. पण पहिल्या दहा मिनिटांत आजूबाजूच्यांच्या नाकावर चौपट मारा होतो. वास वाढतो सुरुवातीला, जिथे तो नकोच होता.

अजून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण बाकीचे सगळे उपाय तिच्याभोवती फिरतात. वास येतो म्हणजे तो रेणू त्वचा सोडून हवेत गेलेला असतो. दूरवर दरवळणं आणि दीर्घकाळ टिकणं या दोन्ही गोष्टी एकाच साठ्यातून खर्च होतात. बाष्पीभवन मंद करणारा कुठलाही उपाय दरवळही कमी करतो. तेव्हा तुम्हाला काय हवं ते आधी ठरवा: दोन हात अंतरावरून दोन तास, की अंगालगत सहा तास.

टिकवायचं असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे बिनवासाचं मॉइश्चरायझर. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असताना लावा, फवाऱ्याच्या प्रत्येक जागेसाठी बोटाच्या पेरावर मावेल इतकं. पाच मिनिटं मुरू द्या, मग फवारा. कोरडी त्वचा परफ्यूम धरून ठेवू शकत नाही, तेलाचा पातळ थर असला की बरेचसे सुगंधी रेणू त्यात विरघळून हळूहळू सुटतात. पेट्रोलियम जेलीही चालते, पण अगदी पुसट थर हवा. जाड थर लावला तर वरचा ताजा भाग त्यातच अडकून बसतो आणि परफ्यूम सुरुवातीपासून मंद, मेणचट वाटतो. फ्रेश परफ्यूमला हे मानवत नाही. गोड, जड सुगंधांना जेली चालून जाते, इथे साधं लोशनच बरं.

दुसरा उपाय कापड. त्वचेचा पृष्ठभाग साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असतो, कपड्याचा बाहेरचा थर त्याहून थंड, आणि त्यावर घाम किंवा त्वचेचं तेलही कमी पोचतं. त्यामुळे लिंबूवर्गीय सुरुवात सुती कपड्यावर त्वचेपेक्षा ठळकपणे जास्त टिकते, आणि तिचं रूपही कमी बदलतं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या मागे, १५ ते २० सेंटीमीटरवरून एक-दोन फवारे पुरतात. रंगीत परफ्यूम, रेशीम, फिकट कपडे आणि चामडं यांवर आधी आतल्या शिवणीवर फवारून वाळू द्या, डाग पडतो का बघा. परफ्यूम म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आहे, तेव्हा ओल्या कपड्यासह ज्योतीजवळ जाऊ नका.

मनगटं एकमेकांवर घासण्याची सवय सोडा. घासल्याने रेणू 'फुटतात' हे काही खरं नाही, पण घर्षणाने ऊब वाढते, द्रव पसरून पातळ होतो आणि जो भाग आधीच वीस मिनिटांचा पाहुणा आहे तो आणखी लवकर जातो. शिवाय मनगट दिवसभरात किती वेळा धुतलं जातं याचा विचार केला तर फ्रेश परफ्यूमसाठी ती जागाच चुकीची. कोपराची आतली बाजू, मानेची मागची बाजू आणि दंड या जागा जास्त उपयोगी.

तिसरा उपाय खाली आधार देण्याचा. ज्याचा स्वतःचा आवाज कमी आहे असा साधा मस्क किंवा अँब्रॉक्सान (अंबरासारखा उबदार वास देणारं द्रव्य) प्रधान असलेला सुगंध आधी एक फवारा, तो वाळला की वरून फ्रेश परफ्यूम दोन फवारे. लिंबू उडून जाणारच आहे, पण त्याच्या मागे स्वच्छ, उबदार असं काहीतरी राहतं आणि परफ्यूम 'संपला' असं वाटत नाही. आधाराच्या सुगंधात व्हॅनिला किंवा जड मसाला असेल तर दोन तासांनी तोच वरचढ होतो आणि फ्रेशपणाचा मागमूस राहत नाही.

आणि रचनाच हलकी असेल तर? ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्य साधारण २ ते ५ टक्के, ओ द टॉयलेटमध्ये ५ ते १५, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० च्या आसपास. हे ढोबळ आकडे आहेत, कंपनीनुसार बदलतात. कोलोन तासा-दोन तासांसाठीच बनवलेलं असतं. त्याच्याकडून आठ तासांची अपेक्षा धरून लोशन, जेली, आधार असं सगळं रचत बसण्यापेक्षा ५ मिलिलिटरची छोटी बाटली खिशात ठेवावी आणि तीन-चार तासांनी एक-दोन फवारे कपड्यावर मारावेत. पुन्हा लावताना घामेजलेल्या जागेवर मारू नका. ती जागा ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून मगच.

उलट गंमत अशी की नावावर 'इंटेन्स' किंवा जास्त टक्केवारी असली म्हणून तोच फ्रेश वास जास्त वेळ टिकेल असं नाही. बहुतेक वेळा त्या आवृत्तीत लिंबूवर्गीय भाग कमी करून लाकडी, अंबरी किंवा गोड भाग वाढवलेला असतो. टिकतो तो दुसराच सुगंध. सुरुवातीच्या दहा मिनिटांवर भाळून अशी बाटली घेतली तर पुढे पस्तावायची वेळ येते.

नाकाने सोडून दिलं असेल तर

फ्रेश परफ्यूमच्या बाबतीत हा बिघाड पहिल्याइतकाच होतो, आणि तो ओळखला मात्र कमी जातो. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं नाक काही मिनिटांत कमी करतं. हनुवटीखाली गळ्यावर आणि छातीवर फवारलं की दर श्वासाला तोच वास नाकात जातो आणि अर्ध्या तासात तो तुमच्यापुरता नाहीसा होतो. इतरांना मात्र तो स्पष्ट येत असतो.

म्हणून जागा बदला. समोरून मारू नका. मानेच्या मागे एक, एका कोपराच्या आत एक. हात हलला की मधूनच झुळूक येते, मधल्या वेळात नाकाला उसंत मिळते. आठ दिवस हीच मांडणी ठेवून बघा. बऱ्याच जणांची 'टिकत नाही' ही तक्रार एवढ्यावरच मिटते.

पुढचं कारण जास्त खोलवर जातं. स्वच्छतेचा जो वास आपल्याला फ्रेश वाटतो, तो घडवणारे पदार्थ परफ्यूमइतकेच डिटर्जंट आणि फॅब्रिक सॉफ्टनरमध्येही असतात. पांढरे मस्क पाण्याने सहज धुऊन जात नाहीत आणि कापडाला चिकटून राहतात, म्हणूनच ते कपडे धुण्याच्या उत्पादनांत इतके रुळले आणि मस्कचा वास म्हणजे स्वच्छ कपडे हे समीकरण पक्कं झालं. अनेक सॉफ्टनरमध्ये तर सुगंध सूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. त्या धाग्यावर बसतात आणि कपडा हलला, घासला गेला की थोड्या थोड्या फुटत राहतात. म्हणजे तुम्ही दिवसभर, रात्री उशीच्या अभ्र्यावरसुद्धा, त्याच मस्कमध्ये बुडालेले असता. त्यावर त्याच कुळातला परफ्यूम फवारला तर नाक त्याला नवीन म्हणून का मोजेल? वरचा लिंबू उडाला की खाली उरतो तो नाकाच्या अंगवळणी पडलेला वास.

तपासायचं असेल तर रोजच्या वापरातले तीन-चार कपडे आणि एक अभ्रा बिनवासाच्या डिटर्जंटने, सॉफ्टनर न घालता धुवा. एका धुण्यात जुना थर जात नाही, दोन-तीन धुणी लागतात. मग आठवडाभर तेच कपडे वापरून परफ्यूमची चाचणी पुन्हा करा. फरक पडला तर एक तर डिटर्जंट बदला, नाही तर वेगळ्या आधाराचा फ्रेश परफ्यूम निवडा: व्हेटिव्हर (वाळा), देवदार किंवा चहाच्या छटेचा.

तिसरं कारण जन्मजात. काही विशिष्ट मस्क काही माणसांना अजिबात येत नाहीत, बाकी सगळे वास मात्र नीट येतात. यात नाकाचा आजार नाही, वास टिपणाऱ्या ग्राहींमधला आनुवंशिक फरक आहे. परफ्यूमर हे जाणतात, म्हणून चांगल्या रचनेत एकाऐवजी तीन-चार वेगवेगळे मस्क घातलेले असतात. तुमच्या परफ्यूमचा सगळा आधार तुम्हाला न येणाऱ्या एकाच मस्कवर असेल तर तुमच्यासाठी तो लिंबाबरोबरच संपतो. ओळखण्याची खूण: ५ तासांनंतरची कागदी पट्टी दुसऱ्याला ठळक येते, पण तुम्हाला सकाळी झोपेतून उठल्यावर, ताज्या नाकानेसुद्धा कोरी वाटते. इथे फवारे वाढवणं निरर्थकच, कारण दहा फवाऱ्यांनीही तुम्हाला तो येणार नाही, शेजारी बसलेल्याला मात्र येईल. परफ्यूमच बदलावा लागतो.

नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगाव्यात हा सल्ला सर्रास दिला जातो. साध्या हवेपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होत नाही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जा, तेवढं पुरतं. रोज एकच परफ्यूम वापरत असाल तर दोन वेगळ्या कुळांतले आलटून पालटून वापरा. आणि परफ्यूमच नव्हे, साबण, धूर, मसाला सगळ्याचेच वास अचानक मंदावले असतील तर तो परफ्यूमचा विषय नाही, डॉक्टरांना दाखवा.

आंबट, कडवट किंवा शिळा वास येतो

हा वास पहिल्या पाच मिनिटांत येतो की दोन तासांनंतर, हे पाहा. त्यावर सगळं ठरतं.

दोन तासांनंतर येत असेल आणि फक्त अंगावर येत असेल, कागदावर नाही, तर तो घाम आणि सुगंधाचा मिलाफ आहे. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो, त्वचेवरचे जिवाणू त्यातून आंबूस आम्लं तयार करतात. फ्रेश परफ्यूम हे झाकू शकत नाही, कारण झाकायची वेळ येते तोवर त्याचा वरचा भाग गेलेला असतो. उरलेला मस्क आणि आंबूसपणा मिळून ओल्या, नीट न वाळलेल्या कपड्यासारखा वास येतो. काखेत किंवा काखेजवळ कधीच फवारू नका. डिओडरंट बिनवासाचं घ्या. पॉलिस्टरचे कपडे अंगाचा वास धरून ठेवतात आणि धुतल्यावरही पूर्ण सोडत नाहीत. ऊब लागली की तो पुन्हा वर येतो, त्यामुळे त्यांवर फवारताना आधी तो कपडा हुंगून बघा.

पहिल्याच मिनिटात, कागदावरसुद्धा बिघडलेला वास येत असेल तर दोन शक्यता. पहिली साधी: बरेच दिवस न वापरलेल्या बाटलीच्या नळीत आणि फवारणीच्या टोकात अडकलेला थोडासा द्रव शिळा झालेला असतो. दोन-तीन फवारे टिश्यूवर मारून टाका, मग चौथा कागदावर घेऊन दहा मिनिटांनी हुंगा. ठीक असेल तर बाटलीला काही झालेलं नाही.

दुसरी शक्यता म्हणजे बाटलीच खराब झाली. फ्रेश परफ्यूम सगळ्यात लवकर बिघडतात, कारण त्यांचे मुख्य घटक हवेतल्या ऑक्सिजनला बळी पडतात. लिमोनीन ऑक्सिडाइझ झालं की टर्पेंटाइन किंवा वॉर्निशची छटा येते. लिंबाचा खास वास देणारा सिट्राल बिघडला की लिंबू बोथट होऊन औषधी वाटतो. साबणी झळाळी देणारे अल्डिहाइड हळूहळू मेदाम्लांत बदलतात, मग जुन्या मेणासारखा, खवट वास. उष्णता, प्रकाश आणि अर्ध्या रिकाम्या बाटलीतली हवा या तिन्ही गोष्टी हे वेगाने घडवून आणतात. न्हाणीघराचं कपाट, खिडकीची कड आणि गाडीचा कप्पा या सगळ्यात वाईट जागा. मूळ खोक्यात, अंधारात, २५ अंशांच्या खाली, तापमान फार वरखाली न होणाऱ्या कपाटात ठेवा. तळाशी आलेली बाटली जपून ठेवू नका, ती वापरून संपवा. लहान बाटलीत ओतून ठेवल्याने हवा कमी होते हे खरं, पण ओततानाच भरपूर हवा मिसळते.

बिघडलेला लिंबूवर्गीय परफ्यूम 'अजून थोडा बरा आहे' म्हणून त्वचेवर वापरू नका. ऑक्सिडाइझ झालेल्या लिमोनीन आणि लिनालूलमधून तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड ॲलर्जी निर्माण करतात, आणि ती एकदा जडली की पुढे ताज्या परफ्यूमलाही खाज सुटू शकते. रंग गडद झाला एवढ्यावरून मात्र बाटली टाकू नका, काही नैसर्गिक घटक वास न बिघडताही गडद होतात. निर्णय वासावर घ्या. थंडीत द्रव ढगाळ दिसला तर खोलीच्या तापमानाला आणा, बहुधा तो पुन्हा निवळतो.

डिटर्जंटसारखा बोचतो, डोकं दुखतं

फ्रेश म्हणजे निरुपद्रवी असा समज आहे. तो चुकीचा आहे. डायहायड्रोमिर्सेनॉल, समुद्री छटा देणारा कॅलोन आणि अल्डिहाइड हे पदार्थ थोड्या प्रमाणात स्वच्छ वाटतात, प्रमाण वाढलं की थेट नाकात टोचतात. १९८२ च्या द्राकार न्वार आणि १९८८ च्या कूल वॉटर या पुरुषांच्या परफ्यूममध्ये डायहायड्रोमिर्सेनॉल ठळकपणे वापरलं गेलं, आणि तेव्हापासून हा सूर पुरुषांच्या फ्रेश परफ्यूमपासून कपड्यांच्या पावडरीपर्यंत सगळीकडे पसरला. म्हणून फवारे जास्त झाले की 'धुण्याची खोली' आठवते.

पूर्ण आकाराच्या बाटलीचा एक फवारा साधारण ०.१ मिलिलिटरचा असतो. बंद खोलीत बसून काम करायचं असेल तर दोन पुरे, मोकळ्या हवेत चार. अंतर १० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवलं तर एकाच ठिकाणी ओला ठिपका पडतो आणि तिथून पहिल्या दहा मिनिटांत सगळं एकदम उसळतं. १५ ते २० सेंटीमीटरवरून फवारा पसरतो, बोच कमी होते. घराबाहेर पडायच्या २० मिनिटं आधी लावा, म्हणजे सगळ्यात टोकदार भाग घरातच निघून जातो. छोट्या भरून घ्यायच्या बाटल्यांचा फवारा बऱ्याचदा निम्माच असतो, त्यामुळे त्यातून मोजताना तोच आकडा धरू नका.

नवीन बाटली जुनीसारखी नाही

याला दरवेळी नकली माल कारणीभूत नसतो. साबणी, लिली ऑफ द व्हॅली या फुलाच्या जवळ जाणारा स्वच्छ वास देणारं लिलियल हे द्रव्य युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. त्याआधी लायरल या तशाच फुलांच्या वासाच्या द्रव्यावरही अशीच बंदी आली. दोन्ही 'क्लीन' परफ्यूममध्ये आणि डिटर्जंटमध्ये मुबलक असायची. ती काढून पर्यायी घटक घातल्यावर मधला भाग बदलतो, बहुधा थोडा पातळ आणि हिरवट होतो. खोक्यावरच्या घटकांच्या यादीत ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हे लिलियलचं नाव दिसलं तर ती बदलाआधीची रचना. दोन बाटल्या ताडून बघायच्या तर एकाच वेळी दोन कागदी पट्ट्यांवर, १ तासानंतर हुंगा. सुरुवातीला जुन्या बाटलीचा लिंबू थोडा उतरलेला असतोच, तो फरक रचनेचा नव्हे, वयाचा.

हवामान

उष्ण हवेत सगळं लवकर उडतं, म्हणून दरवळ मोठा आणि आयुष्य कमी. तेव्हा त्वचेवर एक, कपड्यावर दोन अशी विभागणी करा. थंड, कोरड्या हवेत उलट होतं. परफ्यूम अंगावर असतो, पण वरच जात नाही, आणि कोरडं नाकही कमी टिपतं. आतल्या थराऐवजी बाहेरच्या थरावर, कॉलरवर किंवा स्कार्फवर मारा. वातानुकूलित खोलीतून बाहेर उकाड्यात पाऊल टाकताच संपलेला वाटणारा परफ्यूम परत येतो तो याचमुळे, तेव्हा बाहेर पडण्याआधी घाईने पुन्हा फवारू नका.

उन्हाबाबत एक इशारा. बर्गामॉटच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन असतं, ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते दीर्घकाळ राहतात. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना इफ्राच्या मानकांत, उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवरच्या उत्पादनांसाठी अशा तेलाची मर्यादा ०.४ टक्के आहे, आणि कंपन्या बहुधा बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात. धोका असतो तो घरी तेलं मिसळून 'फ्रेशपणा वाढवणाऱ्यांना'. परफ्यूम कमी टिकतो म्हणून त्यात बर्गामॉटचे थेंब टाकू नका.

फवाराच नीट येत नसेल तर

धार येते, थुंकल्यासारखे थेंब पडतात किंवा फवारा अर्धवट येतो, तेव्हा दोष टोकाचा. वरचं दाबायचं बटण सरळ वर ओढून काढा, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, झटकून पूर्ण वाळवा आणि परत बसवा. सुई घालून छिद्र मोठं करू नका, मग कायमची धार लागते. प्रवासाच्या बाटलीतला परफ्यूम आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी उतरून कमी दिसत असेल तर झाकण बसत नाही. अशा बाटलीतून आधी अल्कोहोल आणि लिंबूवर्गीय भाग निसटतो, उरलेला द्रव जड आणि चिकट वास देतो. काचेची, घट्ट आटा असलेली बाटली घ्या आणि महिनाभरात संपेल इतकंच भरा.

नवा परफ्यूम घेताना हीच चाचणी २ मिलिलिटरच्या नमुन्यावर करून बघता येते. पट्टीवरची पहिली दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि ३ तासांनी कोपराच्या आत जे उरलंय ते आवडतं का एवढं पाहा, कारण त्या बाटलीबरोबर तुमचा बराचसा वेळ त्याच वासात जाणार आहे. एकदा थंड दिवशी, एकदा उकाड्यात आणि एकदा तुमच्या नेहमीच्या धुतलेल्या कपड्यांवर, अशा तीन वेळा वापरा. तिसऱ्या वेळी तो कपड्यांच्या वासात हरवला तर बाटली घेऊ नका.